पिंगळी येथील दुभंगलेली पोथी आणि गंधकाचा धूर

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परभणी सुटल्यावर पिंगळी हें स्थानक लागतें. हा मार्ग निजामाच्या राज्यांत सन १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे या नांवानें खुला झाला. गांवची जमीन काळी. कापूस, जोंधळा, तूर हीं जुनीं पिकें आणि अलीकडे सोयाबीन. या गांवांतील एका जुन्या वतनदार घराण्यांत मुकुंदराजांच्या विवेकसिंधूची एक हस्तलिखित प्रत आहे. तिची आमची ओळख होऊन आतां चाळीस वर्षें झालीं. प्रस्तुत लेख त्या प्रतीच्या पाठाविषयीं नाहीं. पाठाचा विचार स्वतंत्रपणें करण्याजोगा आहे. येथें सांगावयाचें आहे तें तिच्या कागदाविषयीं, आणि त्या कागदाचें हवेनें काय केलें याविषयीं. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत हवेचें काय काम, असें कोणी विचारील. ज्याच्या घरीं दोन रुमाल आहेत त्याच्याशीं या हवेचा निकट संबंध आहे, इतकेंच उत्तर तूर्त पुरे.

प्रतीचीं एकंदर पानें १८४. पानें सुटीं, आडवीं, दोन्ही अंगांस लिहिलेलीं, शाई काजळीची, दंड आणि प्रकरणसमाप्तीचे शब्द हिंगुळानें काढलेले, चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासलेली. समाप्तीच्या पानावर शके १७१२ साधारणनाम संवत्सर असा काल आहे, म्हणजे इसवी सन १७९०-९१. कागद हातचा व घोटीव असून पोतावरून तो दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा असावा असें आम्हांस वाटतें. प्रत एकहातीं आहे. अक्षराचें वळण, ओळींची आंखणी, समासाची रुंदी हीं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखीं आहेत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे.

सन १९४८ च्या आरंभीं, रझाकारांची धामधूम चालू असतां, या घराण्यांतील धाकटे बंधु बायकामुलांसह पिंगळी सोडून मुंबईस गेले. थोरले गांवींच राहिले. निघण्याच्या आदल्या रात्रीं रुमाल सोडून पोथीचे दोन भाग करण्यांत आले. पहिलीं ९६ पानें थोरल्यांकडे राहिलीं आणि उरलेलीं ८८ धाकट्यांनीं नेलीं. एका घराचें कांहीं बरेंवाईट झालें तरी अर्धी पोथी वांचावी, असा त्यांत विचार होता. धाकटे बंधु परळांत एका चाळींत राहिले. तेथेंच त्यांचा वंश वाढला. पोथी देव्हाऱ्यावरच्या फडताळांत असे व दसऱ्यास पूजेसाठीं खालीं येई. पुढें ती चाळ पाडावयाची ठरली, तेव्हां धाकट्यांच्या नातवानें तो रुमाल पिंगळीस आणून दिला. अशा रीतीनें पोथीचे दोन्ही भाग पाऊणशें वर्षांनीं एकत्र झाले.

निरोप आल्यावरून आम्ही पिंगळीस गेलों. ओसरीवर सतरंजी घालून दोन्ही रुमाल शेजारीं शेजारीं सोडले. पान ९६ आणि पान ९७ हीं एकामागून एक लिहिलेलीं, कदाचित् एकाच तावांतून कापलेलीं. त्यांपैकीं ९६ वें फिकट पिवळसर, मऊ, बोटांनीं वांकविलें तरी मुकाट्यानें पूर्ववत् होणारें. ९७ वें हातीं घेतलें तों कोपरा तुटून सतरंजीवर पडला. त्याच्या चारही कडा भाजल्यासारख्या तपकिरी; तो रंग कडेपासून दोन बोटें आंत येऊन हळूहळू फिका होत गेलेला, आणि मध्यभाग मात्र बराचसा शाबूत. पुढें पाहतां असें दिसलें कीं परळच्या भागांत सर्वच पानांची स्थिति सारखी नाहीं. गठ्ठ्याच्या पोटांतील पानें बरीं. वरचीं व खालचीं वाईट. जेथें जेथें हवा लागली तेथें तेथें कागद जळला. कसर किंवा वाळवी जेथें जाते तेथें भोंक पाडते. येथें भोंक नाहीं, केवळ कागदाचा जीव गेलेला.

सर्वांत खालचें पान अर्थातच समाप्तीचें. शक व संवत्सर ओळीच्या मध्यावर असल्यामुळें वांचले. लेखनकर्त्याचें नांव व गांव उजव्या कडेस होतें. नांव गेलें. गांवाच्या नांवाचें 'पिं' इतकें अक्षर उरलें असून त्यापुढें कागदच नाहीं. घराण्यांत परंपरेनें सांगतात कीं ही प्रत पिंगळींतच, घरच्या ओसरीवर लिहिली गेली. तसें असेल; पण पिंपळगांव आणि पिंपरी या नांवाचीं गांवें मराठवाड्यांत किती आहेत हें वाचकांस सांगावयास नको. परंपरेस लेखी पुरावा होता. तो पाऊणशें वर्षें परळांत होता आणि पानाच्या कडेस होता.

आतां आमच्या स्वतःच्या एका कृत्याविषयीं लिहिणें भाग आहे. सन १९८४ सालीं, नुकतेच शिक्षक झालों असतां, आम्हीं पिंगळीच्या भागांतील ४१ ते ५२ हीं बारा पानें नक्कल करण्यासाठीं घरीं आणलीं होतीं. त्यांत कसर दिसली. प्लेगच्या दिवसांत घराघरांतून गंधक जाळीत, हें वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलें होतें. शिवाय रसग्रंथांचें थोडें वाचन झालेलें, त्यामुळें अंगीं नको तितका आत्मविश्वास. काड्याच्या दुकानांतून गंधक आणला, लोखंडी पेटींत दोरी बांधून तीवर पानें टांगलीं, खालीं वाटींत गंधक पेटविला, झांकण लावून रात्रभर पेटी बंद ठेविली. सकाळीं कसर मेलेली होती. आम्हीं उघडलेल्या पेटींत तोंड घातलें, त्याचा खोकला आम्हांस चार दिवस पुरला; पण कृतार्थताही वाटली, आणि ती आम्हीं दोघां-चौघांस बोलूनही दाखविली. त्या बारा पानांकडे पुन्हां नीट पाहण्याचा योग आतां आला. पिंगळीच्या ९६ पानांत तींच बारा वेगळीं दिसतात. तीं कडेसच नव्हे, सर्वांगानें तपकिरी आहेत, आणि पेटीचा गंज जेथें ठिबकला होता तेथें प्रत्येक ठिपक्याभोंवतीं गडद वलय पडून मध्यें कागद गळाला आहे. परळच्या हवेला जें करावयास पाऊणशें वर्षें लागलीं तें आम्हीं एका रात्रींत केलें होतें.

गंधक हा आपल्या शास्त्रांस नवा नाहीं. अमरकोशांत त्यास गंधाश्मन् व सौगंधिक हीं नांवें आहेत. रसशास्त्रानें त्यास उपरसांत अग्रस्थान दिलें, वर्णावरून त्याचे प्रकार केले, दूध व तूप यांच्या योगें त्याचें शोधन सांगितलें. त्याचें आणखी एक नांव शुल्बारि, म्हणजे तांब्याचा शत्रु. या नांवावरूनच युरोपीय भाषांतील 'सल्फर' शब्द निघाला असें कित्येक अभिमानी लोक लिहितात. आम्हांस ही व्युत्पत्ति ग्राह्य वाटत नाहीं, ध्वनिसाम्य म्हणजे प्रमाण नव्हे. परंतु नांव मात्र यथार्थ आहे. दमट नगरांतील तांब्यावर जी हिरवी पुटी चढते तींत बहुधा तांबें व गंधकाम्ल यांच्या संयोगाचाच क्षार असतो. ताम्रपट उघड्यावर टांगून ठेवणाऱ्या संग्राहकांनीं याची नोंद घ्यावी. पोथीवर फासलेली हरताळ हीही सोमल व गंधक यांचा संयोग, आणि हिंगूळ हा पारा व गंधक यांचा. म्हणजे गंधक पोथींत जन्मापासून आहेच. तेथें तो धातूशीं बांधलेला असल्यामुळें निरुपद्रवी असतो. जाळून मोकळा केला कीं मग तो कोणाचा नव्हे.

जळतांना गंधकाचा प्रत्येक अणु हवेंतील प्राणवायूचे दोन अणु घेतो व एक तिखट, रंगहीन वायु निर्माण होतो. आधुनिक रसायनांत यास सल्फर डायऑक्साइड म्हणतात. आम्ही येथें सोयीसाठीं गंधकाचा धूर म्हणूं. हा वायु पाण्यांत सहज विरतो. कागदांत ओलावा नेहमींच असतो. तो या वायूस शोषून घेतो. कागदांत लोखंडाचा अंश असला कीं त्याच्या साहाय्यानें वायूस आणखी प्राणवायु मिळून त्याचें गंधकाम्ल होतें, आणि तें अम्ल कागदाच्या तंतूंचे दीर्घ दुवे एकेक करून तोडीत जातें. गंजाच्या ठिपक्यांभोंवतीं वलयें कां पडलीं तें यावरून कळेल. अम्ल उडून जात नाहीं. धूर ओसरल्यावरही तें कागदांत राहून वर्षानुवर्षें काम करीत असतें.

याच धुराचा उपयोग मनुष्यानें पुष्कळ केला आहे. आपल्या साखर कारखान्यांत उंसाचा रस पांढरा करण्यासाठीं त्यांतून हाच धूर सोडतात. तासगांवकडील बेदाण्याचा सोनेरी रंग राखण्यासाठीं त्यास हाच धूर देतात. लोंकर व रेशीम यांस तो पूर्वींपासून देत आले आहेत. थोडक्यांत, जंतु मारणें व रंग उडविणें हे त्याचे गुणच होत. आमची चूक इतकीच कीं गुण पाहिला, आणि तो जातांना मागें काय ठेवून जातो हें पाहिलें नाहीं.

एका पोथीवरून सिद्धांत करूं नये, हें आम्ही जाणतों. मुंबईची हवा दमट आहे, समुद्राचें मीठ आहे, चाळींत चुलीचा धूर व देव्हाऱ्याचा धूप होता. या सर्वांचा वांटा त्या ८८ पानांत असणारच. म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, रसायन शिकविणाऱ्या एका स्नेह्याकडून पानांच्या तुटून पडलेल्या तुकड्यांची अम्लता पाहविली. पिंगळीचीं पानें जवळजवळ उदासीन. परळच्या पानांच्या कडा स्पष्ट अम्ल, मध्यभाग त्याहून कमी. आणि आमचीं बारा पानें सर्वत्र अम्ल. नुसत्या दमटपणानें कडा आणि मध्य यांत असा भेद पडत नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे असें उदाहरण अन्यत्र कोणी पाहिलें आहे काय याचा शोध. तें इंग्लंडांत पाहिलेलें आहे. मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरांतील जॉन रायलंड्स ग्रंथालय आणि डर्बीशायरच्या मोकळ्या हवेंतील चॅट्सवर्थ हा वाडा, या दोन्ही ठिकाणीं असलेल्या सतराव्या-अठराव्या शतकांतील त्याच त्या पुस्तकांच्या प्रती हडसन नांवाच्या संशोधकानें ताडून पाहिल्या व १९६७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. मँचेस्टरच्या प्रतींत अम्लता अधिक आढळली, विशेषतः कडांस. त्याहून शंभरावर वर्षें आधीं, १८४३ च्या सुमारास, लंडनच्या अथीनियम क्लबांतील कातडें कां कुजतें याचा विचार करतां मायकेल फॅरेडे यानें गॅसच्या दिव्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या धुराकडे बोट दाखविलें होतें. आपल्याकडे कातडी बांधणीचीं पुस्तकें थोडीं, म्हणून ही बाजू आपल्या ध्यानांत आली नाहीं.

परळच्या हवेचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. मुंबईंत गिरण्यांच्या धुराची तक्रार इतकी वाढली कीं सरकारास १९१२ सालीं धुराच्या उपद्रवाचा कायदा करावा लागला. १९१५ सालीं खोपोलीहून टाटांची जलविद्युत् आली व पुष्कळ गिरण्यांचे कोळशाचे बाष्पयंत्र थंडावले. पोथी परळांत पोंचली त्यानंतर मात्र तुर्भ्याच्या बाजूस एकामागून एक कारखाने उठले: १९५४-५५ च्या सुमारास तेलशुद्धीचे दोन, १९५६ सालीं टाटांचें औष्णिक वीजकेंद्र, १९६५ सालीं खताचा कारखाना. चेंबूर ही गॅसची कोठी आहे असें लोक म्हणूं लागले. के. ई. एम. रुग्णालय परळांतच आहे, तेथील डॉ. एस. आर. कामत यांनीं १९७७ पासून मुंबईचे निरनिराळे भाग व एक खेडें यांतील रहिवाशांची तुलना केली. भाग निवडतांना त्यांनीं प्रमाण धरलें तें याच वायूचें, आणि अधिक धुराच्या भागांत दम, खोकला व छातीचे विकार अधिक असल्याचें दाखवून दिलें. ज्या चाळींत माणसें खोकत होतीं त्याच चाळींत पोथी होती. लंडनांत डिसेंबर १९५२ च्या धुक्यांत पांच दिवसांत जीं माणसें मेलीं त्यांचा पहिला अंदाजच चार हजारांचा होता. परळांत तसें कांहीं झालें नाहीं, समुद्राच्या वाऱ्यानें लाज राखली. हल्लीं मुंबईच्या हवेंत हा वायु पुष्कळ कमी झाला आहे. कोळशाच्या व जड तेलाच्या जागीं नैसर्गिक वायु आला, आणि १ एप्रिल २०२० पासून तर वाहनांच्या डिझेलांत दहा लाख भागांत दहाच भाग गंधक असावा असा देशभर नियम आहे. परंतु पोथीनें घ्यावयाचा तो वांटा घेतलेलाच होता.

पिंगळीच्या पानांचें रक्षण केवळ दूरपणानें झालें असेंही नाहीं. निजामाच्या आगगाड्या सिंगरेणीच्या कोळशावर चालत, आणि स्थानकाजवळच्या घरांस तो धूर मिळतच होता. रक्षण करणारी दुसरी गोष्ट कागदांतच होती. कागजीपुऱ्याचा किंवा जुन्नरचा जुना कागद सणाच्या दोऱ्या, गोणपाट व चिंध्या यांचा. लगदा कुटतांना त्यास चुना व सज्जीखार देत. पुढें गव्हाची खळ लावून गुळगुळीत दगडानें घोटीत. त्या चुन्याचा थोडा अंश कागदांत राही, आणि हवेंतून आलेलें अम्ल प्रथम त्या चुन्यावर खर्ची पडे. कागद्यानें हें जाणून केलें असेल असें नव्हे. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर गिरणीचा जो कागद आला त्यांत तुरटी व राळ यांची खळ, म्हणजे अम्ल घरचेंच. म्हणून शके १७१२ ची पोथी वांकते आणि आमच्या विद्यार्थिदशेंतील वह्या मोडतात. संग्राहकांस एक सांगावेंसें वाटतें: जुन्या पोथीस गिरणीच्या स्वस्त कागदांत किंवा वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवूं नये. शत्रूस घरांत घेऊन दार लावल्यासारखें तें होतें.

दगडाविषयीं दोन शब्द. चुन्यावर या अम्लाचा परिणाम झाला कीं त्याची चिरोडी होते; ती फुगते व पापुद्र्यानें निघते. संगमरवर हा चुन्याचाच दगड. आग्र्याच्या ताजमहालाविषयीं मथुरेचा तेलकारखाना व इतर भट्ट्या यांवरून जो वाद झाला व ज्यावर सर्वोच्च न्यायालयानें ३० डिसेंबर १९९६ रोजीं निर्णय दिला त्याचें मूळ हें. मराठवाड्यांतील यादवकालीन देवळें काळ्या दगडाचीं व बहुधा चुन्यावांचून रचलेलीं, म्हणून त्यांस या धुराचें भय त्या मानानें थोडें. औरंगाबादच्या बिबीच्या मकबऱ्याची गोष्ट निराळी. त्यांत संगमरवर व चुन्याचा गिलावा हीं दोन्ही आहेत, आणि त्याच्या भोंवतालीं शहर वाढत आहे.

पिंगळीस सर्वांत जवळचें मोठें धुराडें परळी वैजनाथचें. तेथें १९७१ सालीं औष्णिक वीजकेंद्र सुरू झालें. पहिले संच लहान होते, पुढें अडीचशें मेगावॉटचे बसले. पिंगळीहून परळी नैर्ऋत्येस, सरळ रेषेनें पन्नास-साठ किलोमीटर. हिंवाळ्यांत वारा ईशान्येकडून वाहतो व धूर पिंगळीपासून दूर जातो. पावसाळ्यांत वारा नैर्ऋत्येचा, पण तेव्हां पाऊस हवा धुतो. आपल्या कोळशांत गंधक थोडा, शंभरांत सुमारें अर्धा भाग. तरी हिशेब करून पाहावा. गंधक जळल्यावर त्याचें वजन दुप्पट होतें, म्हणून एक हजार टन कोळशांतून सुमारें दहा टन वायु निघतो. आणि मोठें केंद्र एका दिवसांत असे कित्येक हजार टन कोळसा जाळतें. उंच धुराड्यामुळें तो जवळ न पडतां दूर जातो, इतकेंच. वाटेंत त्याचे सूक्ष्म कण बनतात व ते श्वासांतून थेट फुफ्फुसाच्या तळाशीं जातात.

या धुरास धुऊन काढण्याचें यंत्र आहे, आणि महाराष्ट्रानेंच तें देशांत प्रथम वापरलें. तुर्भ्याच्या टाटा केंद्रांत पांचशें मेगावॉटच्या संचास समुद्राच्या पाण्यानें धूर धुण्याची सोय १९८० नंतरच्या दशकांत झाली. डहाणूची हकीकत अधिक बोधप्रद आहे. तेथें चिकूच्या बागा. त्यांच्या शेजारीं वीजकेंद्र होऊं नये म्हणून स्थानिक मंडळी न्यायालयांत गेली. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें केंद्रास मोकळीक दिली, पण धूर धुण्याच्या यंत्राची अट मोडूं दिली नाहीं. केंद्र चालूं झालें, यंत्र मात्र येईना. १९९६ सालीं न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं डहाणू तालुक्यासाठीं प्राधिकरण नेमलें गेलें. त्यानें हा विषय धरून ठेविला, आणि अखेर २००७ सालीं यंत्र चालूं झालें. सोळा वर्षें लागलीं. ज्या गांवास धर्माधिकारी मिळत नाहींत त्यानें काय करावें, हा प्रश्न राहतोच. केंद्र सरकारनें ७ डिसेंबर २०१५ रोजीं सर्व कोळशाच्या वीजकेंद्रांस या वायूची मर्यादा घालून दिली; मुदती वाढत गेल्या; आणि जुलै २०२५ मध्यें मोठीं शहरें व फार दूषित ठरलेले प्रदेश यांपासून दूर असलेल्या केंद्रांस, म्हणजे देशांतील बहुतेक केंद्रांस, या मर्यादेंतून मोकळें केलें. कारण असें दिलें कीं आपला कोळसा अल्पगंधकी आहे व हवेंतील प्रमाण ठरविलेल्या मर्यादेच्या आंत आहे. हें खोटें नाहीं. वर्षाच्या सरासरीनें घनमीटरांत पन्नास मायक्रोग्रॅम ही आपली मर्यादा असून पुष्कळ ठिकाणीं प्रमाण तिच्या खालीं असतें. परंतु ती मर्यादा माणसासाठीं ठरविलेली आहे. माणूस श्वास सोडतो, झिजलें तें कांहीं अंशीं भरून काढतो. कागद घेतलेलें परत देत नाहीं व झिजलेलें भरून काढीत नाहीं. जगांतील ग्रंथालयें आपल्या कोठारांसाठीं याहून पुष्कळ खालचें प्रमाण धरतात. दगडफुलाचेंही तसेंच आहे. पॅरिसच्या बागांतून तें नाहींसें होत आहे असें नायलांडर यानें १८६६ सालींच लिहून ठेविलें, आणि तेव्हांपासून दगडफूल हें हवेच्या शुद्धतेचें एक माप मानतात. पिंगळीच्या शिवारांत जुन्या आंब्यांच्या सालीवर तें अजून आहे. आम्हीं मुद्दाम जाऊन पाहिलें.

शेतकऱ्यास ही सर्व चर्चा चमत्कारिक वाटेल, आणि तसें पिंगळीच्या ओसरीवर एकानें बोलूनही दाखविलें. मराठवाड्याच्या जमिनींत गंधक कमी पडतो. सोयाबीनला तो विकत आणून द्यावा लागतो. मग हवेंतून फुकट आला तर वाईट काय? प्रश्न वाजवी आहे. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त, त्यामुळें युरोपांत तळीं व अरण्यें ज्या अम्लवृष्टीनें मेलीं तिचा जोर येथें मातींतच जिरतो. पण मुळाशीं दिलेला गंधक निराळा आणि पानावर बसलेला धूर निराळा. पानाच्या रंध्रांतून तो आंत शिरला कीं शिरांच्या मधला भाग पांढरा पडून करपतो. आमच्या बारा पानांची स्थिति त्यास दाखविली, तेव्हां त्यास तें पटलें असें वाटलें.

आतां पोथीचें काय करावें? घरच्या मंडळींचा विचार दोन्ही भाग शहरांतील एखाद्या संस्थेस द्यावे असा होता. आमचें मत असें पडलें कीं सुस्थितींत असलेलीं ८४ पानें पिंगळींतच ठेवावीं. तेथली हवा त्यांस अडीचशें वर्षांच्या जवळपास मानवली आहे. वेखंड व कडुलिंबाचा पाला या जुन्या उपायांनीं कसर दूर राहते. दसऱ्यास वारा द्यावयाचा तो सावलींत. धूर कोणताही नको, उदबत्तीचाही नको. परळचीं ८८ व आमचीं १२ अशीं शंभर पानें जाणत्या हातीं जाणें अवश्य आहे. कागदांतील अम्ल चुन्याच्या निवळीनें मारण्याची रीत अमेरिकेंत बॅरो यानें गेल्या शतकाच्या मध्याला बसविली. म्हणजे कागजीपुऱ्याच्या कागद्यानें जें दिलें होतें तेंच पुन्हां द्यावयाचें. पण काजळीची शाई पाण्यानें हलूं शकते, व हें काम घरीं करण्याचें नव्हे. चुना घरांत आहे, निवळी करतां येते, आणि हात शिवशिवतात, हें आम्ही लपवीत नाहीं. पेटी आठवून हात आंवरला. सर्व पानांचीं छायाचित्रें घेऊन झालीं आहेत, व पडलेले तुकडे पानांच्या क्रमांकांसह वेगळ्या पाकिटांत ठेविले आहेत. त्यांत समाप्तीच्या पानाचा एकही तुकडा नाहीं; तो परळच्या फडताळांतच कधीं तरी झाडला गेला असावा.

राहिला 'पिं'. या लेखनकर्त्याच्या हाताच्या तीन खुणा देतों. तो ख च्या जागीं सर्वत्र ष लिहितो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं हिंगुळानें दोन लहान कमळें काढतो, त्यांपैकीं डावें नेहमीं सहा पाकळ्यांचें व उजवें आठ पाकळ्यांचें. आणि पानाचा क्रमांक डाव्या समासांत वरच्या अंगास व उजव्या समासांत खालच्या अंगास घालतो. शके १७०० ते १७२५ या काळांतील, याच हातची दुसरी एखादी प्रत कोणा संग्राहकाकडे असल्यास तिच्या समाप्तीच्या पानाची उजवी कड पाहून आम्हांस कळवावें. पान हातांत धरतांना खालीं फळी घ्यावी.